परत न आलेल्यांचं वाक्य

धारवाडच्या सप्तापुरात योगिता महेंद्रकर यांच्याकडं डॉक्टर मंडळींची सारखी ये-जा असायची, पण ती कुणाला तपासायला नव्हे. डॉक्टर स्वतःच तपासून घ्यायला येत. हातात लॅपटॉप, त्यात वैद्यकीय जर्नलला इंग्रजीत पाठवायचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, आणि चेहऱ्यावर नापास होण्याची धास्ती. जिना चढून वर आलेल्या माणसापुढं बाई आधी चहा ठेवत, मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडं हात करून म्हणत, "हेळ्री, डॉक्टर." म्हणजे, सांगा. समोरचा मराठी असला तर मराठीत, कन्नड असला तर कन्नडात. लॅपटॉप उघडायचा नाही. आपण काय औषध दिलं, कुणाला दिलं, त्याचं काय झालं, ते आधी घरच्या भाषेत तोंडी सांगायचं आणि मगच बाई त्या पेपरच्या इंग्रजीला हात लावायच्या.

नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटायचं. मोठाले शब्द लिहून आणलेले असत आणि इथं ही बाई आजीला सांगावं तसं सांगा म्हणते! पण त्या खुर्चीत बसलं की भलेभले खरं बोलत. इंग्रजीत ज्याला 'लक्षणीय सुधारणा' म्हटलेलं असे, ते मराठीत सांगताना डॉक्टरसाहेब डोकं खाजवत म्हणत, "तसं बघायला गेलं तर मॅडम, थोडा फरक पडला. औषधानं पडला की तसाच पडला, ते काय नीट कळलं नाही." बाई म्हणत, "मग तेच लिहू की. त्यात लाजायचं काय?" जे घरच्या भाषेत सांगताना जीभ अडते, ते इंग्रजीत घालायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. तो वडिलांच्या दुकानातून आला होता.

वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, हुबळीच्या दाजीबानपेठेत शिंपीकामाचं दुकान होतं. घराणं मूळचं पंढरपूर-सांगोल्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या सुई-दोऱ्यावर जगलेलं. गिऱ्हाइकानं नुसता मापाचा जुना शर्ट टाकून जायचं म्हटलं तर अप्पा शर्ट परत करत. "माणूस उभा करा समोर," म्हणत. माप घेताना त्याला बोलतं करत, कारण गप्प उभा राहिलेला माणूस पोट आत ओढून उभा राहतो. शर्ट शिवून झाला की कॉलरच्या आतल्या बाजूला एक पांढरं लेबल टाचायचे, त्यावर लाल अक्षरात दुकानाचं नाव. लहानपणी योगिताला त्या लेबलाची लाज वाटे. कुणाच्या तरी मानेवर आपलं नाव कशाला मिरवायचं, असं तिला वाटायचं. पुढं तयार कपड्यांचे दिवस आले. शिलाई मागं पडली आणि थोरला भाऊ गणपत त्याच जागेत कापडाचे तागे विकू लागला. योगिता इंग्रजी शिकली, कॉलेजात शिकवू लागली, कायम मात्र कधी झाली नाही. लग्नाचं राहून गेलं. आईला घेऊन सप्तापुरात राहिली आणि एका डॉक्टरचा पेपर सुधारून दिला त्यातून दुसरा आला, दुसऱ्यातून दहावा.

या धंद्यात घसरायला जागा पुष्कळ. कुणी येऊन सरळ म्हणायचं, "मॅडम, आकडे देतो, सगळं तुम्हीच लिहा." बाई विचारायच्या, "आणि ऑपरेशनला पण मीच उभी राहू काय?" तो माणूस पुन्हा जिना चढत नसे. भाषा सुधारायची, मजकूर बनवायचा नाही, ही रेघ त्यांनी पहिल्या दिवशी आखली आणि तिच्या अलीकडंच राहिल्या. दुसरी एक गोष्ट मात्र त्या करत, आणि तिचं त्यांना कौतुक होतं. पेपरच्या शेवटी मदत करणाऱ्यांचे आभार मानायची रीत आहे. पुष्कळ जर्नलं तर भाषा कुणी तपासली ते लिहाच म्हणतात. बाई ती ओळ काढून टाकायला लावत. "माझं नाव नको. सदरा घालणाऱ्याचा, शिंप्याचा नव्हे," असं हसून म्हणत. लोकांना वाटे, काय ही निगर्वी बाई! पण निगर्वीपणाचाही एक गर्व असतो, आणि तो लवकर दिसत नाही, ज्याचा त्याला तर मुळीच नाही.

डॉक्टर श्रीहर्ष हंचिनाळ हे धारवाडातले नावाजलेले सर्जन. योगिताबाईंच्या आईचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं. एवढा मोठा माणूस, गुडघे दुखत असताना जिना चढून घरी यायचा, म्हातारीच्या उशाशी बसून तिच्याशी मोडक्या मराठीत गप्पा मारायचा. आई गेली त्या सकाळी तेच आधी आले होते. असल्या उपकाराची फेड कशानं करायची? म्हणून एके दिवशी डॉक्टरांनी भीतभीतच आपला पेपर पाठवला तेव्हा बाईंना धन्य वाटलं. मधुमेहानं पायाला जखम होऊन बोट काळं पडायला लागलेल्या रुग्णांवरचा तो पेपर होता. बोट लगेच न कापता एका विशिष्ट मलमाची पट्टी ठरावीक पद्धतीनं बांधत राहायचं, आणि काय होतं ते बघायचं. रुग्ण बहुतेक अळणावरकडच्या खेड्यांतले, शेतावर राबणारे. बोट कापायचं म्हटलं की हे लोक दवाखान्यातून पळून जात, म्हणून डॉक्टरांनी ही वाट शोधली होती. काम मनापासून केलेलं होतं. इंग्रजी मात्र भयंकर.

नियमाप्रमाणं बाईंनी डॉक्टरांना खुर्चीत बसवायला हवं होतं. पण त्यांना बोलवेना. ज्यानं आईचे डोळे मिटले त्या माणसाला, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला लावून, शाळकरी पोरासारखं 'सांगा' म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्यांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही काळजी करू नका. मी बघते सगळं." आणि जन्मात पहिल्यांदा एका माणसाचं तोंडी न ऐकता त्याच्या कागदाला हात घातला.

पेपरात एके ठिकाणी डॉक्टरांनी लिहिलं होतं : बाकीचे रुग्ण परत आले नाहीत. गावं लांब. त्यांचं काय झालं आम्हास ठाऊक नाही. इंग्रजी इतकं ओबडधोबड की वाचताना बाईंनाच कसंतरी झालं. त्यांना दिसला तो परदेशातला कुणी परीक्षक, हे वाचून ओठ मुडपणारा. आपल्या डॉक्टरांचं असं हसं होऊ द्यायचं? शब्द इकडून तिकडं फिरवत त्यांनी ती तीन वाक्यं काढली आणि एकच सुरेख वाक्य घातलं : उरलेल्या रुग्णांकडून उपचारांनंतर पुढं कोणतीही तक्रार आली नाही. त्यात खोटं काय होतं? जो आलाच नाही तो तक्रार कुठून करणार! शब्दान्‌शब्द खरा होता. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि समाधानानं पुढं गेल्या. डॉक्टरांनी पेपर उघडूनही न बघता पाठवून दिला, तो छापून आला, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ते पुन्हा एकदा गुडघे सांभाळत जिना चढून आले. आभाराची ओळ घालायचीच म्हणून हट्ट धरला होता त्यांनी. बाईंनी तीही नेहमीसारखी काढायला लावली होती.

पुढं वर्षा-दोन वर्षांत गणपतअण्णांच्या पायाला जखम झाली. अण्णा उणकलच्या तळ्याकडं नव्या घरात राहायला गेले होते, पण जीव दाजीबानपेठेतल्या गादीवर. दिवसभर अनवाणी मांडी घालून बसायचं, गिऱ्हाईक आलं की उठून तागा खाली घ्यायचा. शुगर कितीतरी वर्षांची, पाय बधिर झालेले. कापडातली टाचणी पायात गेली ती त्यांना कळलीच नाही. वहिनींना अंथरुणावर डाग दिसला तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट काळवंडायला लागलं होतं.

उणकलमधल्याच एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर प्रिया म्हणून तरुण सर्जन होत्या, बेळगावच्या. योगिताबाई भावाबरोबर गेल्या. प्रियांनी पाय नीट बघितला, तपासण्या केल्या, आणि समजावून सांगितलं, "काका, नेहमीचा मार्ग म्हणजे हे बोट काढून टाकणं. लगेच. त्यानं बाकीचा पाय वाचतो. पण दुसराही एक मार्ग आहे. आपल्याच भागात झालेलं काम आहे, मी वाचलंय. बोट न कापता ठरावीक पट्टी बांधून वाट बघायची."

अण्णांचा चेहरा उजळला. "बोट ऱ्हातंय म्हणजे बघा की! न्हाई तर गादीवर बसलो तर लोक पायाकडंच बघत बसणार."

"सगळेच बरे झाले काय हो त्यात?" योगिताबाईंनी विचारलं. कुठलं काम ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

"बरेच जण. आणि बाकीच्यांची पुढं काही तक्रार नाही म्हणे." प्रियांनी टेबलावरचा टॅब त्यांच्याकडं वळवला. "इथं बघा."

तिथं त्यांचं वाक्य होतं. एखादी वस्तू आपण कुणाला दिलेली असते आणि ती दुसऱ्याच्याच घरात फळीवर दिसते, तसं ते त्यांनी ओळखलं. खाली डॉक्टर हंचिनाळांचं नाव होतं. बाईंचं कुठंच नव्हतं. त्या खोलीत एकट्या योगिताबाईंना ठाऊक होतं की या सुरेख वाक्याच्या जागी आधी काय होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. असं भरदिवसा, एका परक्या पोरीसमोर, हंचिनाळांच्या पेपरात खोट आहे म्हणून सांगायचं? त्यांना न विचारता? आधी त्यांच्याशी बोलावं, मग बघावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण कुणाची मूठ झाकतोय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला त्या वेळी विचारला नाही. अण्णांनी कागदावर सही केली आणि पट्टी सुरू झाली.

हंचिनाळ नेमके लेकीकडं बंगळूरला गेले होते. फोनवर बोलण्यासारखं हे नाही, असं म्हणून बाई थांबल्या. रोज उणकलला जाऊन भावाच्या पायाकडं बघत. आज बरं दिसतंय, असं वहिनींना सांगत, आणि रात्री घरी आल्यावर आपण जे सांगितलं ते आठवून त्यांना अन्न गोड लागत नसे. चालढकल माणूस स्वतःच्या जिवाची करतो तेव्हा तिला भित्रेपणा म्हणतात. दुसऱ्याच्या पायाची केली तर तिला काय म्हणायचं?

डॉक्टर परतल्याचं कळलं त्या सकाळीच त्या त्यांच्या घरी गेल्या. या खेपेला खुर्ची डॉक्टरांची होती, पण नियम बाईंचा.

"तो पायाचा पेपर," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी तुम्हाला विचारलंच नाही. आता विचारते. हेळ्री, डॉक्टर."

डॉक्टर हसले. मग बाईंचा चेहरा बघून हसू थांबवलं आणि कन्नडात सावकाश सांगायला लागले. जे नेमानं येत राहिले ते बरे झाले. पुष्कळ जण आलेच नाहीत. बस नाही, मजुरी बुडते, कोण येणार? "त्यांचं काय झालं देव जाणे. पेपर छापून झाल्यावर त्यातले दोघे आले माझ्याकडं. पाय घोट्यापर्यंत सडलेले. मीच कापले, काय करू! पण मी तसं लिहिलं होतं की पेपरात, ठाऊक नाही म्हणून."

"तुम्ही लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "मी काढलं."

डॉक्टरांनी पेपर मागवून ते पान वाचलं. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर छापलंय आणि मी वाचलं नाही," एवढंच म्हणाले. "तुमच्या हातून आलं म्हणून वाचलं नाही."

"माझ्या भावाला तीच पट्टी चाललीय, डॉक्टर. उणकलला."

ते ऐकल्यावर मात्र त्यांनी गुडघ्यांची तमा न करता गाडी काढली. वाटेतूनच प्रियांना फोन केला. तिकडं त्या दिवशीची पट्टी सोडून झाली होती आणि प्रियांचाही आवाज बदललेला होता. लाली घोट्याकडं चढली होती, अण्णांना थंडी वाजून ताप आला होता. संध्याकाळी ऑपरेशन झालं. एक बोट नव्हे, पायाचा पुढचा अर्धा भाग गेला. हंचिनाळ सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होते, आणि बाई त्यांच्या शेजारी.

अण्णा जगले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी दुकानाची चौकशी केली. प्रियांना योगिताबाईंनी सगळं सांगितलं, वाक्याचंही. मग विचारलं, "पहिल्या दिवशीच बोट काढलं असतं तर?"

प्रियांनी हातातली फाईल मिटली. "वाचला असता पाय, कदाचित. कदाचित नसताही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मॅडम."

जर्नलकडं दुरुस्ती पाठवायचं हंचिनाळांनीच काढलं. चूक कशी झाली ते सांगताना त्यांनी सगळी आपल्या अंगावर घेतली होती. लेखक मी, जबाबदारी माझी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. ज्याच्या नावावर छापून येतं त्यानं शेवटचा शब्द वाचायलाच हवा. पण बाई ऐकेनात. "तुमची तुमच्यापाशी. माझी मला द्या," म्हणाल्या. दुरुस्तीत डॉक्टरांची तीन वाक्यं परत आली, परत आलेल्या त्या दोन रुग्णांचं काय झालं तेही आलं, आणि त्याखाली लिहिलं गेलं की भाषा तपासताना मूळ मजकूर योगिता महेंद्रकर यांनी बदलला होता आणि लेखकानं तो न वाचता मान्य केला होता. इतक्या वर्षांत त्यांचं नाव छापून आलं ते असं. त्यानंतर वेताच्या खुर्चीकडं येणारे डॉक्टर कमी झाले. काही सांगूनसवरून थांबले, काही नुसतेच.

राहता राहिले अण्णा. त्यांना पट्टी लागू पडली नाही एवढंच ठाऊक होतं. डॉक्टरीण बाईंनी सांगायचं ठेवलं होतं योगितावर, आणि योगिता आज सांगते, उद्या सांगते करत राहिली होती.

अण्णा पुन्हा गादीवर बसायला लागले त्या आठवड्यात ती दाजीबानपेठेत गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी पाय उशीवर ठेवला होता, त्यावर पांढरा मोजा, पुढं रिकामा लोळणारा.

"हातात काय गं ते?"

"त्या पट्टीच्या पेपरची दुरुस्ती छापून आलीय, अण्णा."

"मला कुठलं इंग्लिश! मराठीत सांग."

तिनं कागद गादीवर पालथा ठेवला. किती जणांना तिनं खुर्चीत बसवलं होतं. त्यांची जीभ कशी जड होत असेल ते तिला आज समजलं.

"ह्यात लिहिलंय, की जे पेशंट परत आले न्हाईत त्यांचं काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक न्हवतं. आधी तसं छापलं न्हवतं. वाचणाऱ्याला वाटावं, ते बरे झाले, असं छापलं होतं."

"तसं कुणी लिहिलं?"

"मी."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग पायाकडं. बाहेर कुणीतरी हातगाडीवाल्याशी कन्नडात हुज्जत घालत होतं.

"त्या दिवशी, दवाखान्यात. तुला ठाऊक होतं?"

"त्या डॉक्टरबाईंनी दाखवलं तेव्हा कळलं."

"आन् बोलली न्हाईस."

"न्हाई, अण्णा."

ती रडली नाही. रडणं म्हणजे त्यांनी आपली समजूत काढावी म्हणून मागणं, एवढं तिला कळत होतं. अण्णांनी कागद उचलला, उलटसुलट केला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तुझं नाव कुठं हाय ह्यात?"

तिनं दाखवलं.

"अप्पा लेबल लावायचे त्याची तुला लाज वाटायची," अण्णा म्हणाले. "मिरवायला लावत न्हवते ते. शिवण उसवली तर माणसानं कुठं यायचं, ते ठाऊक असावं म्हणून लावत होते." त्यांनी कागदाची घडी घातली आणि गल्ल्याच्या फळीखाली सरकवली. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

तेवढ्यात एक बाई दुकानात शिरली. अस्तराचं कापड हवं होतं तिला, निळं. अण्णांनी सवयीनं गादीवर दोन्ही हात टेकले, उठायला गेले, आणि पाय धरेना तसे पुन्हा खाली बसले.

"बसा, अण्णा," म्हणत योगिता उठली. चपला काढून गादीवर चढली, फळीकडं हात केला. "हा?"

"न्हाई, त्याच्या वरचा," अण्णा म्हणाले. "पलीकडचा. हं, तो."

तिनं तागा खाली घेतला आणि त्या बाईपुढं उलगडला.